राळेचं मलम, हळद आणि पेशीचा पडदा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डिंकाच्या लाडवांवर लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही, आणि म्हणूनच राळ जंतूंना नडते. लाडू राहिले बाजूला, त्या एका वाक्यावरच सातारा-सांगलीकडून पत्रं आली. त्यातले काही प्रश्न या वेळी घेतलेत.

प्रश्न : नमस्कार सर. आमच्या सासूबाई दर हिवाळ्यात टाचांच्या भेगांसाठी राळेचं मलम घरी करतात. तिळाचं तेल तापवायचं, त्यात राळेची पूड टाकायची, वितळली की गाळून पाण्यात ओतायचं आणि फेटत बसायचं, पांढरं लोण्यासारखं होतं. मुलगा बारावी सायन्सला आहे, तो म्हणतो राळ जंतूंच्या पेशीचा पडदा फाडते. मी म्हटलं, अरे पडदा तर आपल्या पेशीला पण आहे की, तो का फाटत नाही? त्यावर गप्प. तुम्हीच सांगा. – एक ताई, कोरेगाव

उत्तर : ताई, एकदम मुद्द्याचं विचारलंत. मुलाचं अर्धं बरोबर आहे पण "फाडते" म्हणण्याइतकी फाडाफाडी तिथं बहुतेक वेळा होत नाही, जे होतं ते जास्त गमतीचं आहे.

आधी पडदा बघू. पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचे दोन थर, प्रत्येक रेणूला पाणी आवडणारं एक डोकं आणि तेलकट दोन शेपट्या, डोकी पाण्याच्या बाजूला आणि शेपट्या आत एकमेकींकडे तोंड करून. जाडी सगळी मिळून ५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे असे वीस हजार पडदे एकावर एक ठेवले तर कुठं ०.१ मिलिमीटर होईल. थर दोन आहेत हे १९२५ साली हॉलंडच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तपेशींवरून काढलं, पेशींतली सगळी चरबी वेगळी काढून पाण्यावर पसरली तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापते असं त्यांचं गणित आलं. आणि हा पडदा ताठ नसून वाहता आहे, रेणू आपापल्या थरात सारखे सरकत असतात, हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ ला मांडलं, तेच आजही शिकवतात.

आता राळ. सासूबाईंच्या डब्यातला एक खडा घ्या आणि डिंकाचा एक खडा घ्या, दोन वाट्यांत पाणी घालून रात्रभर ठेवा. सकाळी डिंक फुगून चिकट झालेला असेल आणि राळेचा खडा जसाच्या तसा, कडासुद्धा झिजलेल्या नसतात. तोच राळेचा खडा कुटून स्पिरिटमध्ये टाका (गॅसपासून लांब, पेट घेतं ते), बराचसा विरघळेल, आणि त्या पिवळसर स्पिरिटमध्ये दोन चमचे साधं पाणी ओता, लगेच दुधासारखं पांढरं होतं. दवाखान्यातलं टिंक्चर बेंझॉइन वाफाऱ्याच्या पाण्यात टाकलं की जे पांढरं होतं ते हेच, ते लोबानाचं असतं, लोबान पण राळच. राळेच्या रेणूंना पाणी नको असतं, पाणी दिसलं की ते एकमेकांना चिकटून थेंब धरतात किंवा मग जवळपास कुठं तेलकट जागा असेल तर तिथं शिरतात. आणि जंतूच्या अंगावर तेलकट जागा कुठली, तर त्याचा पडदा. बस, सगळी गोष्ट इथून सुरू होते.

दुकानात राळ म्हणून जे मिळतं ते कधी साल वृक्षाचं असतं, कधी पाइनचं, म्हणजे रोझीन. दोन्हीतली रसायनं वेगळी. पाइनच्या राळेत मुख्यतः अबिएटिक आम्लासारखी राळ-आम्लं असतात, त्यांच्यावर अभ्यास भरपूर झालाय म्हणून त्यांचंच सांगतो. या रेणूत एकमेकांना जोडलेली तीन कडक कडी असतात आणि एका टोकाला आम्लाचा गट. पडद्यात शिरताना आम्लाचं टोक डोक्यांजवळ, पाण्याच्या बाजूला राहतं आणि कडक कडी शेपट्यांमध्ये घुसतात. गच्च भरलेल्या सातारा-वाई एसटीत एखादा लोखंडी पेटी घेऊन चढला की आजूबाजूच्यांची जी अवस्था होते ती त्या शेपट्यांची होते, कोणी वाकतं, कोणी सरकतं, मधे नको तिथं फट राहते. पडदा कुठं पातळ होतो, कुठं जास्तच ढिला पडतो, आणि त्यातून पोटॅशियमसारखे आयन बाहेर गळायला लागतात.

पण जंतूला खरा दणका वेगळ्या ठिकाणी बसतो. जंतूचं वीजघर त्याच्या पडद्यातच असतं. पडद्याच्या बाहेर प्रोटॉन (हायड्रोजनचे धन भाराचे कण) जास्त, आत कमी, हा फरक वापरून तो एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवतो. राळ-आम्ल हे सौम्य आम्ल असल्यामुळे बाहेर प्रोटॉन घ्यायचा, तेलकट थरातून पलीकडे जायचं, आत सोडायचा, असा धंदा करू शकतं. असं झालं की आत-बाहेरचा फरक मोडतो आणि पडद्याला एकही भोक न पडता जंतू उपाशी पडतो! फिनलंडमध्ये स्प्रूस झाडाच्या राळेचं मलम जखमांना लावायची जुनी पद्धत आहे, तिथल्या संशोधकांनी २००९ मध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस या जखमेत पू करणाऱ्या जंतूवर ती राळ वापरून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं. पेशींची भिंत जाड झालेली, पेशी एकमेकींना चिकटलेल्या, पडद्यातल्या स्निग्ध आम्लांचं, म्हणजे त्या शेपट्यांचं, प्रमाण बदललेलं आणि पडद्यावरचा विद्युत फरक मोडलेला. म्हणजे जंतू नुसता बसून मार खात नाही, पडदा ढिला पडायला लागला की शेपट्यांची जात बदलून तो परत घट्ट करायला बघतो. थंडीत सुद्धा जंतू असंच करतात, फक्त उलट दिशेनं, गारठ्यात पडदा थिजू नये म्हणून शेपट्या वाकड्या असलेली चरबी वाढवतात.

सगळ्याच जंतूंवर मात्र हे सारखं चालत नाही. ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात त्या जंतूंना बाहेरून आणखी एक पडदा असतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या साखळ्यांचं दाट आवरण असतं, तेलकट रेणू तिथंच अडकतात. भेगेत हिरवट पू करणारा स्युडोमोनास त्यातलाच. म्हणून "राळेनं सगळे जंतू मरतात" असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, आपला पडदा का वाचतो. एक म्हणजे टाचेच्या कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो, तिथं बिघडायला जिवंत पडदा नाहीच. दुसरं, आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल भरपूर असतं, ते स्वतःच एक कडक कड्यांचा रेणू आहे आणि शेपट्यांना धरून ठेवतं, पाहुण्याला शिरायला जागा कमी मिळते. जंतूंच्या पडद्यात बहुतेक वेळा ते नसतं. तिसरं, आपलं वीजघर पडद्यात नाही, आत मायटोकॉन्ड्रियात आहे, तिथवर पोचायला राळेला बरंच आत यावं लागतं. चौथं कारण सासूबाईंचं. तेलात मुरलेली राळ तेल सोडून भराभर बाहेर येत नाही, थोडी थोडी येते. तीच राळ स्पिरिटमध्ये विरघळवून उघड्या भेगेवर ओतली तर नाचायची वेळ येईल.

पण वाचतो म्हणजे पूर्ण सुरक्षित असं नाही हं. डोस वाढला तर राळ-आम्लं कोणाच्याही पेशीला त्रास देतात. कागद गिरण्यांच्या सांडपाण्यात ती जायची आणि मासे मरायचे, कारण माशाच्या कल्ल्यात पाणी आणि रक्त यांच्या मधे एक पातळ थर सोडला तर काहीच नसतं. त्यामुळे भेग खोल असेल, रक्त येत असेल, किंवा घरात कोणाला शुगर असेल आणि पायाला जखम असेल तर मलम बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. आणि ते गरम तेल पाण्यात ओतताना सासूबाईंना जरा लांबून ओतायला सांगा, उडतं ते.

मुलाला आता तुम्हीच एक प्रश्न टाका. राळ सगळ्यांच्या पडद्याला नडते तर झाडाच्या स्वतःच्या पेशी कशा जगतात? उत्तर असं की पाइनसारखं झाड राळ पेशीच्या आत साठवतच नाही. लाकडात बारीक नळ्या असतात, त्यांच्या कडेला राळ बनवणाऱ्या पेशी ओळीनं बसलेल्या असतात, त्या बनेल तशी राळ मधल्या पोकळीत ढकलतात. साल चिरली की नळीतला दाब सुटतो आणि राळ बाहेर येते, त्यातलं उडून जाणारं तेल उडतं आणि मागं खडा राहतो.

प्रश्न : सर, तासगाव भागात द्राक्षबाग आहे. भुरीला (पानावर पांढरी भुकटी धरणारी बुरशी) औषधं मारून मारून कंटाळलो. एकानं सांगितलं हिंग आणि राळ स्पिरिटमध्ये भिजवून साबणाच्या पाण्यातून फवारा, बुरशीचा पडदा फुटतो, रेसिड्यूची, म्हणजे मालात औषधाचा अंश राहायची, कटकट नाही. करू का? – एक बागायतदार

उत्तर : दादा, लगेच सगळ्या बागेवर करू नका. कारण सांगतो.

भुरीवर तुम्ही हेक्साकोनॅझोल वगैरे मारता ते पण पडद्याचंच औषध आहे, फक्त त्याची पद्धत हुशारीची आहे. बुरशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉलच्या जागी अर्गोस्टेरॉल असतं, आणि हे औषध ते बनवणारं एन्झाइम अडवतं. द्राक्षाच्या पानाच्या पडद्यात वेगळी स्टेरॉलं असतात, म्हणून योग्य मात्रेत पान वाचतं आणि बुरशीचा पडदा कच्चा राहतो. राळेला असली निवड करता येत नाही. तिला तेलकट थर दिसला की ती शिरते, मग तो बुरशीचा असो, पानाचा असो नाहीतर पानावर फिरणाऱ्या मित्रकिडीचा असो. त्यात साबण आणि स्पिरिट, ही दोन्ही स्वतःच पडदा ढिले करणारी. फवारणी लागू पडली तर ती राळेनं पडली की साबणानं हे पण कळणार नाही तुम्हाला.

तरी बघायचंच असेल तर एक चांगली सोय तुमच्याकडे आधीच आहे. ड्रिपच्या पाण्यासाठी ईसी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते, म्हणजे क्षार किती, ते मोजणारा) असेलच, तोच काढा. सारख्या वयाची पानं घ्या, त्यातून बाटलीच्या झाकणाएवढ्या चकत्या कापा आणि एकदा डिस्टिल्ड वॉटरनं धुवून घ्या, नाहीतर कापलेल्या कडेचा रसच मोजला जाईल. एका ग्लासात साध्या पाण्यात बुडवून काढलेल्या चकत्या, दुसऱ्यात नुसत्या साबण-स्पिरिटच्या पाण्यातल्या, तिसऱ्यात राळेच्या मिश्रणातल्या. प्रत्येक वेळी बाहेरचं औषध धुवून टाकायचं, मग सगळ्या ग्लासांत सारखंच डिस्टिल्ड वॉटर घालून काही तास ठेवायचं आणि ईसी मोजायचा. पानाचा पडदा शाबूत असेल तर आतले क्षार आतच राहतात, ईसी फारसा चढत नाही. पडदा गळका झाला असेल तर पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा चढतो. शेवटी ते सगळं चकत्यांसकट उकळायचं, गार करायचं आणि परत मोजायचं, उकळल्यावर सगळेच पडदे जातात त्यामुळे तो आकडा शंभर टक्के धरायचा आणि पहिला आकडा त्याच्या किती टक्के आला ते काढायचं. लॅबमध्ये दुष्काळात किंवा गारठ्यात पिकाला किती ताण बसला हे असंच मोजतात, काही वेगळं मशीन नसतं त्यांच्याकडे, मीटर जरा महागातला असतो एवढंच.

तिसऱ्या ग्लासाचे टक्के पहिल्यापेक्षा बरेच जास्त आले तर समजून जा, भुरी मरायच्या आधी पान करपणार. दुसरा आणि तिसरा दोन्ही चढले आणि सारखेच आले तर पानाचा पडदा राळ नाही, साबण-स्पिरिट ढिला करतंय. आणि पानाला काही झालं नाही तरी भुरी जाते का हे वेगळं बघावंच लागेल, एका ओळीच्या शेवटच्या चार-दोन वेलींवर, मणी धरायच्या आधी. घड भरल्यावर तर असलं काही नकोच, मण्यावरची लव म्हणजे ती पांढरट मेणाची पावडर एकदा गेली की परत येत नाही आणि व्यापारी त्यावरच भाव पाडतो. रेसिड्यूची कटकट नाही हे पण ऐकून सोडून द्या, निर्यातीचा माल असेल तर जे मारायचं ते आधी विचारूनच मारा.

प्रश्न : सर मी सांगलीत एमएस्सी करतेय. हळदीचं ओलिओरेझिन (सॉल्व्हंटनं काढलेला राळ-तेलाचा अर्क) आमच्या प्रोजेक्टला आहे. पेपर वाचायला घेतले तर कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा रेणू, कॅन्सरवर, अल्झायमरवर, जंतूंवर, बुरशीवर, सुजेवर, सगळ्यावर चालतं असं लिहिलेलं. एकच रेणू एवढं सगळं कसं काय करतो? – एक विद्यार्थिनी

उत्तर : हा संशय धरून ठेव, प्रोजेक्टमध्ये तोच कामाला येईल. सांगलीत बसून हळदीवर शंका घेणं म्हणजे तसं धाडसाचंच, इथली हळद २०१८ पासून जीआयवाली (भौगोलिक मानांकनाची), हरिपूरची पेवं जगात कुठं नसतील अशी (२००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली, ते वेगळं दुःख), पण रेणूला हे काही माहीत नसतं.

कर्क्युमिन पण पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पडद्यात शिरतं. २००९ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सॉलिड-स्टेट एनएमआर या रेणूंची मांडणी दाखवणाऱ्या तंत्रानं बघितलं गेलं की ते पडद्यात खोलवर उभं बसतं, फॉस्फेटच्या डोक्याशी हायड्रोजन बंध धरून, साधारण कोलेस्टेरॉल बसतं तसं. त्याच्या आधीच दुसऱ्या एका गटानं दाखवलं होतं की कर्क्युमिन वाढवत गेलं तर पडदा पातळ होतो. आता पडद्यात नुसती चरबी नसते, त्यात प्रथिनं रोवलेली असतात, चॅनेल, पंप, रिसेप्टर. प्रथिनाचा तेलकट भाग आणि पडद्याची जाडी यांचा मेळ असतो. पडदा पातळ किंवा मऊ झाला की प्रथिनाचा आकार बदलायला लागणारी ऊर्जा बदलते आणि मग एकाला नाही, तिथल्या अनेक प्रथिनांना एकदम फरक पडतो, त्यातल्या एकालाही कर्क्युमिननं हात लावलेला नसताना.

न्यूयॉर्कच्या ओलाफ अँडरसन यांच्या गटानं २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं. मिरचीचं कॅप्सेसिन, हळदीचं कर्क्युमिन, ग्रीन टीतलं ईजीसीजी, सोयाबीनचं जेनिस्टिन आणि द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल असे पाच रेणू घेतले, एकमेकांशी काही संबंध नसलेली पडद्यातली प्रथिनं घेतली, आणि दिसलं असं की ज्या प्रमाणात हे रेणू पडद्याचे गुण बदलतात त्याच प्रमाणात ते सगळ्याच प्रथिनांचं काम बिघडवतात. पडद्यातला बदल मोजायला त्यांनी ग्रामिसिडिन नावाचं छोटं चॅनेल वापरलं. दोन थरांतले दोन तुकडे समोरासमोर येऊन जोडले की ते उघडतं, सुटले की बंद, आणि जोडी किती वेळ टिकते यावरून पडदा किती मऊ ते कळतं. मला तरी ही फार सुंदर युक्ती वाटते.

म्हणून एखादा पेपर म्हणत असेल की अमुक अर्कानं तमुक रिसेप्टर बंद केला, तर आधी प्रमाण बघ. दहा-वीस मायक्रोमोलरच्या पुढचे आकडे असतील आणि त्याच प्रमाणात पडदाच हलतोय असं असेल, तर रिसेप्टरचं नाव घेऊन काही उपयोग नाही. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रातल्या काही लोकांनी कर्क्युमिनच्या सगळ्या कामाचा आढावा घेतला तर नीट घेतलेली एकही डबल-ब्लाइंड चाचणी (खरं औषध कोणाला हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही माहीत नसतं ती) यशस्वी ठरलेली नव्हती, शिवाय हा रेणू चाचण्यांमध्ये स्वतःच चमकून, तुटून खोटे आकडे देतो हे पण त्यांनी लिहिलं. तुझ्या प्रोजेक्टमध्ये एक कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, जरूर ठेव. नुसत्या फॉस्फोलिपिडचे फुगे, लायपोसोम म्हणतात ते, आत रंगद्रव्य भरून. त्यात प्रथिन नाहीच, त्यामुळे ओलिओरेझिन टाकल्यावर रंग बाहेर आला तर परिणाम थेट पडद्यावर आहे हे कोणी नाकारू शकत नाही. आणि ओलिओरेझिन ज्या सॉल्व्हंटमध्ये काढलंय तो नुसता टाकलेला एक कंट्रोल पण ठेव, गाइड विचारणारच.

प्रश्न : हिंग राळ आहे की डिंक? – एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही, वर थोडं तेल. म्हणून ताकात नुसता टाकला तर अर्धवट मिसळतो आणि फोडणीत टाकला की घर भरून वास सुटतो. डबीतल्या पिवळ्या हिंगात पीठ आणि डिंक भरपूर असतो, खडा घ्या परवडत असेल तर.

प्रश्न : मिरजेत तंतुवाद्यं बनवायच्या कामात आहे. पॉलिश करताना आणि कमानीची रोझीन कुटताना हातावर पुरळ येतं. हे पण पडद्याचंच का? – एक कारागीर

उत्तर : नाही, हे वेगळं प्रकरण दिसतंय. पॉलिशची चपडी लाख ही किड्याची राळ, झाडाची नव्हे, आणि ती स्पिरिटमध्ये असते, स्पिरिटनं हात नुसता कोरडा पडून फुटतो. रोझीनचं मात्र बघायला पाहिजे. तिच्यातलं अबिएटिक आम्ल हवेत राहून ऑक्सिजन धरतं, ते बदललेले रेणू कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीर त्यांना परकं समजून पुरळ आणतं, ही खरी ॲलर्जी. पडद्याचा त्रास असता तर जास्त लावलं की जास्त आणि कमी लावलं की कमी असा झाला असता, ॲलर्जीत चिमूटभर भुकटीही पुरते. काही चिकटपट्ट्यांच्या गोंदातही रोझीन असते, पट्टी लावल्यावर चौकोनी लाल डाग उठत असेल तर तोच संशय. कातडीच्या डॉक्टरकडे पॅच टेस्ट होते, तिच्या नेहमीच्या यादीत कोलोफनी म्हणून हीच रोझीन असते, दोन दिवस पाठीवर पट्टी ठेवतात आणि काढल्यावर परत एकदा बघतात. तोवर रोझीन कुटायचं काम हातमोजे घालून करा, आणि जुनी, पिवळी पडलेली भुकटी वापरू नका.